डॉकर कंपोज : अनेक सेवांचा डोलारा एका लॅपटॉपवर

सातपूर-अंबडच्या कारखान्यांसाठी, लासलगाव-पिंपळगावच्या कांदा व्यापाऱ्यांसाठी आणि निफाड-दिंडोरीच्या द्राक्ष पॅकहाउसांसाठी सॉफ्टवेअर तयार करणारी लहान कार्यालये नाशिकमध्ये आहेत, आणि त्यांच्या कामाचे स्वरूप गेल्या काही वर्षांत बदलले आहे. पूर्वी एक प्रोग्रॅम आणि एक डेटाबेस एवढ्यावर भागत असे. आता ग्राहकाला जे एकच संकेतस्थळ दिसते, त्याच्या पाठीमागे शेतकऱ्यांची नोंदणी, वजनकाट्याच्या नोंदी, प्रतवारी, शीतगृहातील साठा, बिले आणि मोबाइलवर जाणारे संदेश अशा वेगवेगळ्या सेवा चालतात, आणि त्यांच्या जोडीला पोस्टग्रेस हा डेटाबेस, रेडिस हा मेमरीतील झटपट साठा, सेवांमध्ये निरोपांची ने-आण करणारा काफ्का आणि एखादे सर्च इंजिन असते. हा सगळा डोलारा प्रत्येक डेव्हलपरने स्वतःच्या लॅपटॉपवर कसा उभा करायचा, या प्रश्नावर आमच्या कार्यालयात रोज वापरले जाणारे उत्तर म्हणजे डॉकर कंपोज, अनेक सेवा एका फाइलमध्ये लिहून एकत्र चालवणारे साधन, आणि हे परीक्षण त्याचेच आहे. द्राक्ष पॅकहाउसांसाठीच्या आमच्या प्लॅटफॉर्मवर काही हंगाम ते वापरल्यानंतर माझे मत असे झाले आहे की साधन उत्तम आहे, पण त्याची खरी किंमत मेमरीत मोजावी लागते, आणि लॅपटॉपवर काय चालवायचे नाही हे ठरवण्याची तयारी ज्या टीमकडे असते तिलाच ते पुरते लाभते.

ज्यांनी ते वापरलेले नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी. कंटेनर म्हणजे वेगळे यंत्र नव्हे. लिनक्स कर्नेलमधील (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातील) नेमस्पेस आणि सीग्रुप या दोन सोयींच्या आधारे इतरांपासून अलग ठेवलेली ती एक साधी प्रोसेस असते. नेमस्पेसमुळे त्या प्रोसेसला स्वतःची फाइल-व्यवस्था, स्वतःचे नेटवर्क आणि स्वतःचीच प्रोसेस-यादी दिसते, तर सीग्रुपमुळे तिने किती मेमरी आणि किती प्रोसेसर वापरावा याला मर्यादा घालता येते. डॉकरने २०१३ मध्ये ही जुळणी सामान्य प्रोग्रॅमरच्या आवाक्यात आणली. अनेक कंटेनर एका फाइलमध्ये लिहून एकत्र चालवण्याची सोय मात्र बाहेरून आली. ऑर्चर्ड नावाच्या लंडनमधील कंपनीने फिग नावाचे साधन पायथनमध्ये लिहिले होते. २०१४ मध्ये डॉकरने ती कंपनी विकत घेतली आणि फिगचे कंपोज झाले. आज चालते ते गो भाषेत नव्याने लिहिलेले दुसरे रूप आहे, आणि पहिल्या रूपाची देखभाल २०२३ मध्ये थांबली. हे सांगण्याचे कारण निव्वळ व्यावहारिक आहे. इंटरनेटवर सापडणाऱ्या बऱ्याच सूचना पहिल्या रूपाच्या काळातील आहेत. त्यांत ‘डॉकर’ आणि ‘कंपोज’ यांच्यामध्ये जोडरेघ असते आणि फाइलच्या माथ्यावर आवृत्तीचा क्रमांक असतो. आता जोडरेघ गेली आहे, आणि आवृत्तीची ओळ लिहिली तर कंपोज एक इशारा छापून तिच्याकडे दुर्लक्ष करते.

सर्वांत मोठा लाभ प्रथम नोंदवतो, आणि तो वेगाचा नाही. कंपोजची याम्ल फाइल, म्हणजे सर्व सेवांची रचना लिहिलेली साध्या मजकुराची फाइल, हा प्लॅटफॉर्मविषयीचा असा एकमेव दस्तऐवज आहे की जो चुकीचा झाला तर त्याच दिवशी कळते, कारण तो रोज चालवला जातो. कोणती सेवा कोणत्या डेटाबेसशी बोलते, कोणाला काफ्का लागतो आणि कोणाला नाही, कोणत्या पोर्टवर (नेटवर्कवरील क्रमांकित दारावर) काय ऐकले जाते, ही माहिती पूर्वी एखाद्या जुन्या सहकाऱ्याच्या डोक्यात असे किंवा कधीकाळी लिहून ठेवलेल्या वर्ड फाइलमध्ये असे, आणि नव्याने रुजू झालेल्या मुलामुलींचे पहिले काही दिवस ‘दादा, हा पासवर्ड कुठला?’ असे विचारत या टेबलावरून त्या टेबलावर जाण्यात संपत. आता कोड उतरवून घ्यायचा, नमुन्याच्या एन्व्ह फाइलची (पासवर्डसारख्या किमतींच्या यादीची) प्रत करायची आणि ‘डॉकर कंपोज अप’ हा आदेश द्यायचा. पहिल्या वेळी इमेज, म्हणजे ज्यांतून कंटेनर उभे राहतात ते तयार साचे, उतरण्यास वेळ लागतो, पण कोणाला काही विचारावे लागत नाही. त्यातही ज्याचा पुरेसा गौरव होत नाही असा आदेश म्हणजे ‘डॉकर कंपोज कॉन्फिग’. सर्व फाइली एकत्र करून, एन्व्हमधील किमती जागच्या जागी भरून, अंतिम रचना कशी दिसते ते तो छापून दाखवतो. ‘माझ्याकडे चालते, तुझ्याकडे का नाही’ हा वाद दोघांनी हा आदेश चालवून निकाल शेजारी शेजारी ठेवला की बहुधा तिथेच मिटतो.

नेटवर्कची रचनाही सुबक आहे. एका प्रकल्पातील सर्व कंटेनरांसाठी कंपोज एक स्वतंत्र नेटवर्क तयार करते आणि त्यात डॉकरचा स्वतःचा डीएनएस, म्हणजे नावावरून पत्ता शोधून देणारी सेवा, चालतो, त्यामुळे बिलांची सेवा डेटाबेसला आयपी पत्त्याने नव्हे तर याम्लमधील नावाने हाक मारते. नवीन माणसाचा गोंधळ होतो तो एकाच ठिकाणी : कंटेनरच्या आत ‘लोकलहोस्ट’ म्हणजे तो कंटेनर स्वतः, लॅपटॉप नव्हे. लॅपटॉपवर चालणाऱ्या एखाद्या गोष्टीकडे आतून जायचे असेल तर ‘होस्ट डॉट डॉकर डॉट इंटर्नल’ हे नाव वापरावे लागते, आणि शुद्ध लिनक्सवर तेही आपोआप मिळत नाही, याम्लमध्ये ‘होस्ट-गेटवे’ची एक ओळ स्वतः लिहावी लागते.

इथे एक इशारा आवश्यक आहे, कारण बहुतेक प्राथमिक धडे तो देत नाहीत. पोर्ट बाहेर काढताना नुसते ‘५४३२:५४३२’ लिहिले तर तो पोर्ट लॅपटॉपच्या सर्व नेटवर्क पत्त्यांवर उघडतो. लिनक्सवर तर डॉकर आपले नियम थेट आयपीटेबल्स या कर्नेलच्या नेटवर्क-नियमांच्या यादीत लिहीत असल्यामुळे यूएफडब्ल्यूसारख्या फायरवॉलने बंद केलेला पोर्टही उघडा राहतो. कॉलेज रोडवरच्या एखाद्या कॅफेच्या वायफायवर बसून काम करणाऱ्याचा डेटाबेस, तोही ‘पोस्टग्रेस’ याच पासवर्डाचा, शेजारच्या टेबलावरून दिसू शकतो. पोर्टच्या आधी ‘१२७.०.०.१’ लिहिणे हा त्यावरचा उपाय आहे, आणि माझ्या मते मूळ वर्तनच तसे असायला हवे होते.

आता सेवांच्या क्रमाविषयी, कारण कंपोजबद्दलच्या बहुतेक तक्रारी तिथेच जन्म घेतात. ‘डिपेंड्स ऑन’ लिहिले की एका सेवेनंतर दुसरी सुरू होते, पण ‘सुरू झाली’ आणि ‘तयार झाली’ यांत फरक आहे. गॅसवर कुकर चढवला म्हणजे भात झाला असे होत नाही. पोस्टग्रेसची प्रोसेस चालू झाल्यावर ती जोडणी स्वीकारू लागेपर्यंत काही सेकंद जातात, आणि तेवढ्यात नोंदणीची सेवा धडपडून पडते. यासाठी डेटाबेसला ‘हेल्थचेक’, म्हणजे तो तयार आहे का याचा तपास, लिहून इतर सेवांना ‘सर्व्हिस हेल्दी’ या अटीवर थांबवण्याची सोय कंपोजमध्ये आहे आणि ती चांगली चालते. तिच्यातही एक बारकावा आहे. पोस्टग्रेसची अधिकृत इमेज रिकाम्या डेटावर प्रथमच चालते तेव्हा आरंभीच्या स्क्रिप्ट चालवण्यासाठी ती आतल्या आत एक तात्पुरता सर्व्हर उभा करते, जो नेटवर्कवर नव्हे तर फक्त युनिक्स सॉकेटवर, म्हणजे त्याच यंत्राच्या आतल्या वाटेवर, ऐकतो, आणि काम झाल्यावर तो बंद करून खरा सर्व्हर सुरू करते. ‘पीजी इज रेडी’ हा तपास होस्टचे नाव न देता लिहिला तर तो सॉकेटवरून त्या तात्पुरत्या सर्व्हरलाच भेटतो आणि ‘तयार’ असे खोटे उत्तर घेऊन येतो. तपासात ‘१२७.०.०.१’ हा पत्ता स्पष्ट दिला की हा घोळ संपतो. पहिल्या वेळी पडते आणि दुसऱ्या वेळी चालते, अशा गूढ तक्रारीचे मूळ अनेकदा एवढेच असते.

हेल्थचेक लिहून झाले म्हणजे सेवेच्या कोडमध्ये पुन्हा जोडणी करण्याचा प्रयत्न लिहायची गरज उरली नाही, असे मात्र कोणी समजू नये. ‘डिपेंड्स ऑन’ची अट फक्त सुरुवातीला पाळली जाते, दुपारी मध्येच डेटाबेस बंद पडून पुन्हा सुरू झाला तर तिचा काही उपयोग नाही, आणि प्रत्यक्ष सर्व्हरवर तर ही अट अस्तित्वातच नसते. आमच्याकडे या कारणासाठी कोडचे परीक्षण करताना डेटाबेसचा कंटेनर मुद्दाम मधेच बंद करून पाहण्याची पद्धत आहे. एका आदेशात ते होते, आणि अशी मोडतोड इतक्या स्वस्तात करता येणे हा कंपोजचा एक न सांगितला जाणारा गुण आहे.

काफ्का हा स्वतंत्र परिच्छेदाचा विषय आहे. लॅपटॉपवर अनेक सेवा चालवण्याची सर्वांत सोयीची पद्धत अशी की जिच्यावर काम चालू आहे ती एक सेवा एडिटरमधून थेट चालवावी, म्हणजे डीबगर लावता येतो, आणि बाकीच्या कंटेनरमध्ये ठेवाव्यात. डेटाबेसला आणि रेडिसला याने काही फरक पडत नाही. काफ्काला पडतो, कारण काफ्काचा क्लायंट पहिल्या पत्त्यावर जाऊन फक्त चौकशी करतो. ब्रोकर, म्हणजे काफ्काचा सर्व्हर, त्याला स्वतःचा जाहीर केलेला पत्ता सांगतो आणि पुढची सगळी बोलणी त्या पत्त्यावर होतात. ब्रोकरने ‘काफ्का’ हे कंटेनरांच्या नेटवर्कमधील नाव जाहीर केले असेल तर लॅपटॉपवरील सेवेला ते नाव ओळखता येत नाही; ‘लोकलहोस्ट’ जाहीर केले असेल तर कंटेनरमधील सेवा स्वतःच्याच दारावर टकटक करत बसतात. म्हणून दोन वेगवेगळ्या पोर्टांवर दोन लिसनर ठेवून एक आतल्यांसाठी आणि एक बाहेरच्यांसाठी जाहीर करावा लागतो. यात कंपोजचा दोष नाही, पण हे गणित याम्लमध्ये एकदा कोणीतरी नीट सोडवून ठेवले की संपूर्ण टीमला ते पुन्हा सोडवावे लागत नाही, आणि तेच तर त्या फाइलचे काम आहे. २०२५ मध्ये आलेल्या काफ्का ४.० ने झूकीपर ही पूर्वी सोबत लागणारी वेगळी सेवा पूर्णपणे काढून टाकल्यामुळे एक कंटेनर कमी झाला, हे लॅपटॉपवाल्यांच्या दृष्टीने मोठेच सुख आहे.

सुख म्हणण्याचे कारण मेमरी. आमच्या कार्यालयात बहुतेक लॅपटॉप विंडोज आहेत, आणि विंडोजवर किंवा मॅकवर डॉकर चालतो तो एका लिनक्स आभासी यंत्राच्या आत. विंडोजवर ते यंत्र डब्ल्यूएसएल २ ही विंडोजमध्ये लिनक्स चालवण्याची सोय पुरवते आणि मूळ मांडणीत ते लॅपटॉपच्या मेमरीच्या निम्म्यापर्यंत जाऊ शकते. म्हणजे १६ जीबीच्या लॅपटॉपवर सर्व कंटेनरांना मिळून ८ जीबी. त्यात आमच्या बऱ्याच सेवा जावामध्ये. जावाचे आभासी यंत्र, वेगळे काही सांगितले नाही तर, आपल्याला दिसणाऱ्या मेमरीच्या पाव हिश्श्यापर्यंत हीप, म्हणजे प्रोग्रॅमच्या डेटासाठीची मेमरी, वाढवण्याची मुभा घेते. कंटेनरला मर्यादा घातलेली नसेल तर त्याला सगळी ८ जीबी दिसते, आणि प्रत्येक सेवा आपला पाव हिस्सा गृहीत धरून चालते. पाच सेवांचे पाच पाव म्हणजे सव्वा, आणि अजून डेटाबेस, काफ्का व सर्च इंजिन मोजलेलेच नाहीत. मग कर्नेल कोणाला तरी मारतो आणि तो कंटेनर १३७ या क्रमांकाने बंद पडतो, ज्याचा अर्थ १२८ अधिक ९, म्हणजे सक्तीने मारण्याचा सिग्नल. लॉगमध्ये चुकीची एक ओळही नसते, कारण मरणाऱ्याला बोलायला वेळच मिळालेला नसतो. नवा डेव्हलपर अशा वेळी आपल्या कोडमध्ये दोष शोधत संध्याकाळ घालवतो.

उपाय दोन आहेत. पहिला, प्रत्येक सेवेला याम्लमध्ये मेमरीची मर्यादा घालणे. जावाच्या अलीकडच्या आवृत्त्या सीग्रुपची मर्यादा ओळखतात, त्यामुळे पाव हिस्सा त्या मर्यादेचा काढला जातो, आणि गरजेनुसार तो टक्केवारीने वाढवता येतो. दुसरा उपाय अधिक महत्त्वाचा आणि अधिक अवघड आहे, कारण तो तांत्रिक नसून निर्णयाचा आहे. सगळ्या सेवा सगळ्यांनी चालवायच्या नाहीत. कंपोजमध्ये ‘प्रोफाइल्स’ची सोय आहे, ज्या सेवेला प्रोफाइल दिलेले असते ती नुसत्या ‘अप’ने सुरू होत नाही, ते प्रोफाइल मागितले तरच होते. आमच्याकडे पोस्टग्रेस, रेडिस, नोंदणी आणि लॉगिन एवढ्यांना प्रोफाइल नाही. त्या नेहमी चालतात. वजनकाटा आणि प्रतवारी यांचे एक प्रोफाइल, शीतगृहाचे दुसरे, बिलांचे तिसरे, आणि सर्च इंजिन एकटे वेगळे, कारण त्याची भूक सर्वांत मोठी आणि गरज सर्वांत क्वचित. मोबाइल संदेश आणि ऑनलाइन पैसे भरणे या बाहेरच्या सेवांच्या जागी ठरलेली उत्तरे देणारी छोटी नकली सेवा ठेवली आहे. ही विभागणी करताना टीममध्ये पुष्कळ वाद झाले, आणि ते वाद होणे योग्यच होते, कारण ज्या दोन सेवा कधीच एकमेकींशिवाय चालू शकत नाहीत असे त्यात आढळले त्या मुळात वेगळ्या का केल्या, असा प्रश्न त्यातूनच पुढे आला. ८ जीबीच्या लॅपटॉपवर, प्रोफाइल कितीही बारीक केली तरी, ब्राउझर आणि एडिटर यांच्यासह हे काम सुसह्य होत नाही. जास्त मेमरीच्या लॅपटॉपचा खर्च वाचवण्याचा प्रयत्न करू नये.

विंडोजवाल्यांसाठी आणखी एक गोष्ट मेमरीइतकीच निर्णायक आहे. कोड विंडोजच्या सी ड्राइव्हवर ठेवून तो कंटेनरमध्ये जोडला तर प्रत्येक फाइल वाचताना दोन ऑपरेटिंग सिस्टिमांमधील सीमा ओलांडावी लागते, आणि नोडच्या (जावास्क्रिप्टच्या) प्रकल्पांत, जिथे मॉड्यूलांच्या फोल्डरात हजारो बारीक फाइली असतात, तिथे हा उशीर असह्य होतो. शिवाय फाइल बदलल्याची सूचनाही पलीकडे पोचत नाही. कोड डब्ल्यूएसएलच्या लिनक्स फाइल-व्यवस्थेतच ठेवला की हे दोन्ही प्रश्न सुटतात. ‘डॉकर कंपोज वॉच’ ही अलीकडची सोय, जी बदललेल्या फाइली कंटेनरमध्ये नेऊन टाकते किंवा गरज पडल्यास इमेज नव्याने बिल्ड करते, दृश्यभागाच्या कामासाठी मला आवडली. जावासाठी मात्र एडिटरमधून थेट चालवणेच बरे वाटते. विंडोजच्या एडिटरने ओळीच्या शेवटी टाकलेले कॅरेज रिटर्न हे चिन्ह शेल स्क्रिप्टमध्ये राहिले तर कंटेनर ‘अशी फाइल नाही’ अशी दिशाभूल करणारी तक्रार करतो, हेही इथेच नोंदवून ठेवतो. गिटच्या ‘गिट-अ‍ॅट्रिब्यूट्स’ फाइलमध्ये एक ओळ लिहून ते कायमचे बंद करता येते.

डेटाच्या बाबतीत कंपोज प्रामाणिक आहे, पण कठोर आहे. नाव दिलेल्या व्हॉल्यूममधील, म्हणजे कंटेनरबाहेर राखलेल्या साठ्यातील, डेटा कंटेनर गेला तरी राहतो. ‘डाउन’ या आदेशाने तो जात नाही, ‘डाउन’ला ‘व्ही’ जोडले की काही न विचारता जातो. आरंभीच्या एसक्यूएल स्क्रिप्ट डेटा रिकामा असेल तेव्हाच चालतात, त्यामुळे स्क्रिप्ट बदलूनही तक्ता बदलत नाही म्हणून चक्रावणारा सहकारी दर हंगामात एखादा तरी भेटतो. इमेजच्या नावापुढे ‘लेटेस्ट’ लिहू नये हा सल्ला सगळेच देतात. पोस्टग्रेसच्या बाबतीत तो न पाळल्याची शिक्षा लगेच मिळते, कारण मुख्य आवृत्ती बदलली की नवा सर्व्हर जुन्या डेटावर सुरू होण्यास नकार देतो, आणि १८ व्या आवृत्तीच्या इमेजमध्ये तर डेटाची जागाच बदलली असल्याने व्हॉल्यूम जोडण्याचा मार्गही बदलावा लागतो.

वेळेचा प्रश्न आमच्या धंद्यात विशेष टोचतो, आणि कंपोजने तो आम्हाला घरच्या घरी दाखवला हे त्याच्या जमेच्या बाजूला लिहायला हवे. कंटेनरमधील घड्याळ मूळ मांडणीत जागतिक प्रमाण वेळेवर चालते, आणि आपण तिच्या साडेपाच तास पुढे आहोत. हंगामात पॅकहाउसचे काम रात्री उशिरापर्यंत आणि पहाटेपासून चालते. पहाटे पावणेपाचला काट्यावर चढलेल्या गाडीची नोंद प्रमाण वेळेनुसार आदल्या दिवशीच्या सव्वाअकराची ठरते, आणि ‘आजची तारीख’ सर्व्हरला विचारणारा कोड ती गाडी कालच्या हिशेबात टाकतो. थेट विंडोजवर चालवलेल्या सेवेत हा दोष कधीच दिसत नाही, कारण विंडोजचे घड्याळ भारतीय असते; तो थेट ग्राहकाकडे उगवतो. कंटेनरमध्ये तो पहिल्याच पहाटेच्या चाचणीत दिसतो. एन्व्हमध्ये ‘एशिया/कोलकाता’ लिहून तो झाकता येतो, अल्पाइन या लहानशा लिनक्सवर आधारलेल्या इमेजमध्ये तर टाइमझोनची माहितीच नसल्याने ती आधी बसवावी लागते. पण नोंद प्रमाण वेळेत ठेवून तारीख काढताना टाइमझोन स्पष्ट सांगणे हाच खरा इलाज आहे.

लहान कार्यालयाला जाणवणारी एक अडचण डॉकर हब या इमेजच्या सार्वजनिक कोठाराच्या मर्यादेची आहे. नोव्हेंबर २०२० मध्ये ओळख न देता इमेज उतरवणाऱ्यांवर दर सहा तासांना १०० अशी मर्यादा आली, आणि ती आयपी पत्त्यावर मोजली जाते. संपूर्ण कार्यालय एका ब्रॉडबँडच्या एका पत्त्यामागे असते, त्यामुळे ही मर्यादा माणशी नसून कार्यालयाची होते. प्रत्येकाने विनामूल्य खात्याने लॉगिन करणे हा सोपा उपाय आहे. त्याहून चांगला उपाय म्हणजे कार्यालयातील एखाद्या जुन्या संगणकावर ‘रजिस्ट्री’ ही इमेज मध्यस्थ साठा म्हणून चालवणे. एकाने उतरवलेली इमेज मग इतरांना आतल्या नेटवर्कवरून मिळते, आणि इंटरनेट संथ असलेल्या दिवशीही नवा लॅपटॉप मांडता येतो. ‘डॉकर सेव्ह’ने इमेज फाइलमध्ये काढून पेन ड्राइव्हवर देणे हा जुना मार्गही अजून कामाचा आहे.

किरकोळ तक्रारी थोडक्यात. आपली सेवा बंद करताना दर वेळी नेमके दहा सेकंद लागत असतील तर डॉकरफाइलमधील (इमेज कशी बनवायची ते सांगणाऱ्या फाइलमधील) शेवटचा आदेश शेलमार्फत चालतो आहे असे समजावे. शेल थांबण्याचा सिग्नल पुढे पोचवत नाही आणि दहा सेकंद वाट पाहून डॉकर सक्तीने मारतो. आदेश चौकटी कंसांतील यादीच्या रूपात लिहिला की हे थांबते. लॉगच्या फाइलींना मूळ मांडणीत आकाराची मर्यादा नसते, ती घालावी. जुन्या इमेज आणि बिल्डचा साठा डिस्क भरत राहतो, ‘डॉकर सिस्टिम डीएफ’ तो दाखवतो आणि ‘प्रून’ साफ करतो, पण विंडोजवरील आभासी डिस्कची फाइल त्यानंतरही आपोआप आकसत नाही, ही गोष्ट २५६ जीबीच्या एसएसडीवर चांगलीच जाणवते.

मग लॅपटॉपवर थेट कुबरनेटिस, म्हणजे अनेक यंत्रांवर कंटेनर चालवणारी व्यवस्था, का नको, असा प्रश्न मुलाखतीला येणारी मुलेही आता विचारतात. मिनीक्यूब, काइंड आणि के३डी ही साधने चांगली आहेत, आणि ज्याला कुबरनेटिसच्या फाइलींवरच काम करायचे आहे त्याने ती वापरावीत. परंतु बिलाच्या सेवेत जीएसटीचे एक सूत्र दुरुस्त करणाऱ्या माणसाला पॉड, इनग्रेस आणि हेल्म चार्ट यांच्यामधून जायला लावणे हा त्याच्या दिवसाचा अपव्यय आहे. त्याच्या बदल्यात जे हातातून सुटते तेही मान्य करायला हवे : सेवा टप्प्याटप्प्याने बदलणे, अनेक यंत्रांवर भार वाटणे, एक यंत्र गेल्यावर काय होते ते पाहणे, यांपैकी काहीही कंपोज दाखवत नाही. ते काम आम्ही चाचणीच्या सामायिक सर्व्हरवर करतो, आणि लॅपटॉपवर चालले म्हणजे तिथे चालेलच, असे कोणी म्हणाले तर त्याला तिथले लॉग उघडून दाखवतो.

परवान्याविषयी शेवटचे. कंपोज आणि लिनक्सवरील डॉकर इंजिन मुक्त स्रोत आहेत, पण विंडोज-मॅकवरील डॉकर डेस्कटॉप २०२१ च्या बदलानंतर सर्वांनाच विनामूल्य राहिलेले नाही. २५० पेक्षा कमी कर्मचारी आणि १ कोटी डॉलरपेक्षा कमी वार्षिक उलाढाल, या दोन्ही अटी पूर्ण करणाऱ्या कंपन्यांना ते विनामूल्य आहे. आमच्यासारखी कार्यालये त्यात सहज बसतात. मात्र काम करणारा माणूस एखाद्या मोठ्या कंपनीच्या नाशिकमधील शाखेत असेल तर त्याने स्वतःहून डेस्कटॉप बसवण्यापूर्वी आपल्या आयटी विभागाला विचारावे. तिथे नकार आला तर डब्ल्यूएसएलच्या आत उबंटूवर नुसते डॉकर इंजिन बसवून कंपोज तसेच वापरता येते. खिडकीतील बटणे मिळत नाहीत, बाकी काही अडत नाही. रेड हॅटच्या पॉडमनचाही पर्याय आहे. त्याला सतत चालणारी पार्श्वभूमी-सेवा लागत नाही आणि तो सामान्य वापरकर्त्याच्या अधिकारात चालतो. त्याचा ‘पॉडमन कंपोज’ हा आदेश प्रत्यक्षात बाहेरच्या कंपोज साधनालाच बोलावतो, त्यामुळे जुनी याम्ल फाइल टाकून द्यावी लागत नाही, फक्त जोडलेल्या फोल्डरांचे अधिकार एकदा तपासून घ्यावे लागतात.